दक्षिणा फेलो : अध्यापन आणि अवांतर वाचन

स्वतः विद्यार्थी असताना खालच्या वर्गांस शिकवावयाचे, त्याबद्दल विद्यावेतन घ्यावयाचे आणि उरलेल्या वेळात वाचावयाचे, ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यातील ‘दक्षिणा फेलो’ हा आजच्या अध्यापन-साहाय्यकाचा पूर्वज होय. विद्यावेतनाने नेमके काय विकत घेतले जाते, श्रम की अवकाश, हा प्रश्न त्याच्या इतिहासात प्रथमपासून आहे.

मूळ दक्षिणा हे वेतन नव्हते. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातील ही दानाची प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालविली. विद्वानास द्रव्य द्यावे ते त्याच्या विद्येबद्दल, तासांबद्दल नव्हे, ही त्यामागील धारणा. (प्रत्यक्षात विद्वानांबरोबर कोणकोण रांगेत उभे राहत, हा भाग निराळा.) इंग्रजी अंमलात या निधीचा काही भाग विश्रामबागवाड्यात १८२१ साली निघालेल्या पाठशाळेकडे व पुढे, लोकहितवादींसारख्या सुधारकांच्या मागणीनंतर, मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला. महाविद्यालयांतील फेलोशिप हे त्या निधीचे त्यानंतरचे रूप. येथे प्रथमच दक्षिणेस कामाची अट जोडली गेली.

१८५९ साली नेमलेल्या फेलोंमध्ये महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. रानडे तेव्हा अवघे सतरा वर्षांचे. मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा व्हावयास अद्याप तीन वर्षे होती. म्हणजे पदवीधर होण्यापूर्वीच ही मुले शिकवू लागली होती. कनिष्ठ फेलोस दरमहा ६० व वरिष्ठास १२० रुपये मिळत. त्या काळी एवढ्या रकमेत मनुष्य संसाराची चिंता न करता ग्रंथालयात बसू शकत असे, आणि योजनेचे खरे मर्म मला येथेच दिसते. रानड्यांनी या सवलतीचा इतका उपयोग केला की अतिवाचनाने त्यांचे डोळे अधू झाले.

भांडारकरांचे उदाहरण अधिक बोधक आहे. त्यांचे शिक्षण इंग्रजी वळणाचे. शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून त्यांनी फेलो असताना संस्कृताचा व्यासंग आरंभिला आणि पुण्याच्या शास्त्रीमंडळींपाशी बसून व्याकरण, न्याय यांचे पाठ घेतले. दिवसा आपण शिक्षक आणि शास्त्रीबुवांपुढे पुन्हा शिष्य, असा तो दुहेरी क्रम होता. फेलोच्या कामासाठी या अभ्यासाची गरज नव्हती. त्या अर्थी ते अवांतर वाचनच. परंतु ‘मार्गोपदेशिका’ रचणारे व पुढे प्राच्यविद्येत अग्रस्थानी पोहोचलेले भांडारकर घडले ते या अवांतरातून. फेलोच्या कामाचा प्रत्येक तास कोणी मोजून घेतला असता, तर शास्त्र्यांकडे जावयास त्यांना सवड कुठून मिळती?

आज तास मोजले जातात. आय. आय. टी.तील एम. टेक.च्या साहाय्यकाने विद्यावेतनाच्या बदल्यात आठवड्यास ८ तास विभागाचे काम करावे असा नियम आहे. नियम म्हणून तो उदारच आहे. परंतु उत्तरपत्रिका तपासणे हे काम तासांत मावत नाही. पन्नास वह्या झाल्यावर गुणांकन सैल पडू लागते, म्हणून पहिल्या दहा पुन्हा उघडाव्या लागतात. प्रयोगशाळेत एकाचे उपकरण अडले की पुढील सारे अडतात. आणि गुणांविषयी तक्रार घेऊन येणारा विद्यार्थी वसतिगृहाच्या भोजनगृहातही गाठतो. रात्री हाती उरतो तो अर्धा तास. त्यात प्रबंधाशी संबंध नसलेले पुस्तक उघडावयाचे म्हणजे काहीसा अपराधच वाटतो.

शिकविण्याचे काम कमी असावे असे मी म्हणत नाही. विषय दुसऱ्यास समजावून देताना आपले अज्ञान जसे उघडे पडते तसे एकांतातील वाचनात पडत नाही. तक्रार आहे ती हिशेबाच्या पद्धतीविषयी. साहाय्यकाच्या कामाच्या तक्त्यात वर्ग, प्रयोगशाळा व तपासणी यांना रकाने असतात. त्याने या सत्रात विषयाबाहेरचे काय वाचले, हे निदान मार्गदर्शकाने चहाच्या वेळी विचारावयास हरकत नसावी. त्यासाठी रकाना मात्र काढू नये.