खुर्चीतून उठताना काय घडतं? किनेसिऑलॉजीची तोंडओळख

व्याख्या नंतर बघू, आधी एक करून पाहा. खुर्चीत ताठ बसा, पावलं चांगली पुढे सरकवा आणि हाताचा आधार न घेता, पाठ जराही न वाकवता उठा.

नाही ना जमत? पायांत ताकद नाही म्हणून नव्हे. आपला गुरुत्वमध्य खुर्चीवर आहे आणि पावलं राहिली दूर पुढे. तो पावलांच्या वर आला की मगच आपण उठतो. म्हणून रोज, न सांगता, आपण पाय मागे घेतो आणि पुढे झुकतो.

आता घरातली आजी आठवा. तिला उठवताना आपण समोरून तिचे हात ओढतो. ती घाबरून मागे रेलते, म्हणजे काम आणखी अवघड. त्यापेक्षा तिला खुर्चीच्या कडेला सरकू द्यावं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायला लावावीत आणि “आजी, पुढे वाक” म्हणावं. पुष्कळदा मग हलका आधारही पुरतो. (चक्कर येत असेल, गुडघा सुजला असेल तर आधी डॉक्टर.)

हालचालीचा असा अभ्यास म्हणजे किनेसिऑलॉजी. ‘कायनेसिस’ म्हणजे ग्रीकमध्ये हालचाल. इटलीच्या बोरेलीने सतराव्या शतकातच हाडांकडे तरफ म्हणून पाहिलं. कोपर काटकोनात ठेवून ५ किलोची पिशवी धरली आहे असं समजू. पिशवी कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर, दंडाचा स्नायू जोडलेला साधारण ५ सेंटिमीटरवर. म्हणजे स्नायूला सातपट, ३५ किलोच्या भाराएवढा जोर लावावा लागतो, हाताचं स्वतःचं वजन वेगळंच! तोट्याचा सौदा वाटतो, पण त्याच्या बदल्यात हात लांबवर आणि वेगाने फिरतो.

“याची नोकरी कोणती?” हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१३पासून किनेसिऑलॉजिस्ट हा कायद्याने नोंदणीकृत व्यवसाय आहे. पण तिथेही फिजिओथेरपिस्टची नोंदणी वेगळी असते. एक पदवी घेतली की दुसरं आपोआप होता येत नाही. लाखो रुपये भरण्याआधी हे विचारून घ्यावं. आपल्याकडे हा बहुधा फिजिओथेरपी आणि शारीरिक शिक्षणाच्या पदवीतला एक विषय असतो. वाटा तिथून फुटतात: रुग्णालय, खेळाडूंचं प्रशिक्षण, कारखान्यात कामगारांची पाठ वाचेल अशी कामाची मांडणी. ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’ मात्र नावापुरतीच जवळची. हात दाबून ॲलर्जी ओळखण्याचा तिचा दावा काटेकोर चाचण्यांत टिकलेला नाही.

एक वाट फारशी कुणाला ठाऊक नसते, ती कृत्रिम अवयवांची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. परदेशी कृत्रिम पाऊल बुटात ठीक होतं, पण आपली माणसं उकिडवी बसतात, मांडी घालतात, शेतात अनवाणी चालतात. घोटा कुठे आणि किती वळतो, हे पाहूनच रबराचं नवं पाऊल तयार झालं. हे काम शिकण्यासाठी प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सची पदवी असते. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत ती शिकवली जाते. बारावीला विज्ञान असेल आणि हाताने वस्तू घडवायची आवड असेल, तर तिथे एकदा चौकशी जरूर करा.