आफ्रिकेचा वाटा कुणी मोजायचा?

‘सगळी माणसं मुळात आफ्रिकेतलीच, तर आफ्रिकी वंशाचं नेमकं कुणाला म्हणायचं?’ एका वाचकाने विचारलंय. उत्तर द्यायचं तर आधी किती मागे जायचं ते ठरवावं लागेल.

डोळ्यांवर मात्र विसंबू नका. अंदमानचे ओंगी आदिवासी काळे, कुरळ्या केसांचे. बुडालेल्या जहाजातून वाचलेल्या आफ्रिकी गुलामांचे ते वंशज, असाही तर्क पूर्वी लढवला गेला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग आणि के. थंगराज यांनी त्यांचा डीएनए तपासला, तर जवळचं नातं आशियाशी निघालं! आफ्रिका त्यांनाही आपल्याइतकीच दूरची. याच संस्थेच्या 2011च्या अभ्यासात गुजरात-कर्नाटकातल्या, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज असलेल्या सिद्दींमध्ये आफ्रिकी वाटा साधारण 60 ते 75 टक्के आढळला. उरलेला मुख्यतः भारतीय.

अमेरिकेत हा हिशेब थेट कायद्यात शिरला. लुइझियानाच्या होमर प्लेसीच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच आफ्रिकी. दिसायला तो गोरा. 1892 मध्ये रेल्वेच्या गोऱ्यांसाठीच्या डब्यात बसला आणि आपली ओळख त्यानेच सांगितली, म्हणून अटक झाली. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो हरला. व्हर्जिनियाने 1924 मध्ये माणूस गोरा नाही म्हणायला आफ्रिकी रक्ताचा एक थेंबही पुरेसा ठरवला. पण मूळ अमेरिकी रक्त सोळाव्या हिश्श्यापर्यंत चालेल म्हणे, कारण पोकाहॉन्टस या मूळ अमेरिकी स्त्रीचे वंशज म्हणवणारी घराणी तिथली बडी होती.

निसर्ग असा हिशेब ठेवत नाही. प्रत्येक पिढी पत्ते पिसते आणि निम्मेच पुढे वाटते, तेही गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी. म्हणून पणजीकडून आलेला वाटा बरोबर साडेबारा टक्केच असेल असं नाही. दहा पिढ्या मागे 1024 जागा. त्यांतल्या अनेक पूर्वजांचा एकही पत्ता आपल्या हातात नसतो. तेव्हा थुंकीच्या नमुन्यावरून ‘आफ्रिकी 3 टक्के’ सांगणाऱ्या कंपन्यांचा आकडा जपून घ्यावा. तुलनेला कुणाचे नमुने धरले, यावर तो बदलतो.

आपल्याकडे 2003 मध्ये कर्नाटकातले सिद्दी अनुसूचित जमातींत आले, तेही फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यातले. शेजारच्या धारवाडचे 2020 पर्यंत बाहेर राहिले. जिल्ह्याची ती रेघ विचित्रच होती. पण यादीसाठी 1965च्या लोकूर समितीने दिलेल्या निकषांत वेगळी संस्कृती, दुर्गम वस्ती, मागासलेपण आहे. रक्ताचा हिस्सा नाही. माणसाला हक्क द्यायचा तर तो आज कसा जगतो हे पाहावं लागतं, आणि ते डीएनएत लिहिलेलं नसतं.