चौक देवीचा, भिंत हॉटेलाची

डहाणूपासून कसारा-शहापूरपर्यंत वारली पाड्यांवर लग्नघराची कारवीच्या कुडाची भिंत सारवून, गेरू लावून तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मधोमध पालघाट देवी. चौक काढण्याचा मान सवाष्णींचा. तो विधी आहे, विकायची वस्तू नव्हे. १९७०च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर आणली, ती बाजारात पोचली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज रिसॉर्ट-हॉटेलांच्या भिंतींवर हीच शैली चौरस फुटाच्या दराने रंगवून घेतात. पाड्यावर लग्नाशिवाय चौक नाही. शहरात सजावटीला निमित्त लागत नाही. २०१४पासून वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा घर सजवताना छापील स्टिकरऐवजी वारली चित्रकारालाच बोलवा आणि देवीचा चौक मात्र नुसत्या शोभेसाठी मागू नका.