बायकोच्या पैशाला व्याज किती?

भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवार हा आमचा रविवार. विजेचा भार आठवडाभर सारखा वाटला जावा म्हणून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या वाट्याला ही गुरुवारची सुट्टी आली आणि मुलांच्या शाळेची सुट्टी नि बापाची सुट्टी यांची आयुष्यभर चुकामूक झाली. असो. १९९८ सालच्या अशाच एका गुरुवारी, जेवणं उरकल्यावर, मी सौ.समोर एका नव्या सीएनसी लेथचं कोटेशन ठेवलं. किंमत चौदा लाख. माझ्या शेडमध्ये तेव्हा चार जुने लेथ आणि सात कामगार होते.

बँक साडेदहा लाख द्यायला तयार होती, सतरा टक्क्यांनी. आज हा आकडा ऐकून तरुण मंडळी दचकतात. पण १९९१ च्या अरिष्टात दोन लाखांवरच्या कर्जाला किमान वीस टक्के दर होता, त्यामानाने आम्हाला सतरा म्हणजे स्वस्ताईच वाटत होती. उरलेले साडेतीन लाख आमचे आम्ही घालायचे. ते होते सौ.चे. तिच्या वडिलांनी राजगुरुनगरकडची जमीन विकली तेव्हा तिच्या वाट्याला आलेले, आणि सहकारी बँकेत तेरा टक्क्यांनी ठेवलेले.

माझा हिशेब तयार होता. पगार, वीज, हत्यारं आणि मशीनची झीज वजा जाता वर्षाला दोन लाख दहा हजार सुटणार. बँकेचं व्याज एक लाख साडेअठ्ठ्याहत्तर हजार. म्हणजे साडेएकतीस हजार निव्वळ फायदा.

"आणि माझ्या पैशाला व्याज किती?" सौ.नं विचारलं.

मी हसलो. "अगं, ते घरचेच ना?"

"अहो, घरचे म्हणून काय फुकटचे? बँकेत ते तेरा टक्के आणतायत. शिवाय तुमचं मशीन बंद पडलं तर बँक ते ओढून नेईल. मी काय नेऊ? रिकामी शेड?"

बी.कॉम.च्या वर्गात 'भांडवलाचा खर्च' हा धडा मी पाठ केला होता, पण तो समजला त्या दुपारी. कर्ज देणाऱ्याला तारण असतं, त्याचं व्याज आधी जातं. मालकाच्या हाती उरलंसुरलं येतं, कधी काहीच येत नाही. म्हणून मालकाच्या पैशाची अपेक्षा बँकेपेक्षा जास्तच असायला हवी. सौ.नं वीस टक्के मागितले. तिचे सत्तर हजार धरल्यावर चौदा लाखांवरचा एकूण खर्च वर्षाला दोन लाख साडेअठ्ठेचाळीस हजार, म्हणजे पावणेअठरा टक्के झाला. मशीन देणार होतं पंधरा टक्के. (व्याजावर वाचणारा आयकर मी सोयीसाठी सोडून दिलाय, तो धरूनही गाडं फारसं पुढे सरकत नव्हतं.) साडेएकतीस हजारांच्या फायद्याचा साडेअडतीस हजारांचा तोटा झाला.

नवं मशीन राहिलं. सहा महिन्यांनी सहा लाखांत एक वापरलेलं मशीन मिळालं. निम्मे बँकेचे, निम्मे सौ.चे. झीज वजा जाता वर्षाला दीड लाख सुटणार, दोघांचं व्याज मिळून एक लाख अकरा हजार. एकोणचाळीस हजार शिल्लक.

जुनं मशीन घेतल्याची लाज वाटण्याचं कारण नव्हतं, कारण त्याच सुमारास आमच्याच पट्ट्यात केवढ्या तरी मोठ्या प्रमाणावर तेच झालं होतं. टेल्कोनं, म्हणजे २००३ पासूनच्या टाटा मोटर्सनं, 'इंडिका'साठी सुमारे सतराशे कोटींचा प्रकल्प उभा केला. पण त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद पडलेल्या कारखान्याची सामग्री विकत घेतली, सुटी केली आणि जहाजानं आणून पिंपरीत जोडली. नव्या सामग्रीच्या किमतीच्या एका अंशात हे काम झालं. गाडी डिसेंबर १९९८ मध्ये लोकांसमोर आली आणि आठवड्याभरात एक लाख पंधरा हजार नोंदण्या, त्याही पैसे भरून! गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा हे कुठल्याही कारखानदाराला आवडणारं भांडवल.

तरीही २००० ते २००१ या वर्षात टेल्कोला पाचशे कोटींचा तोटा झाला. तो काही एकट्या इंडिकाचा नव्हता. ट्रकची बाजारपेठ बसली होती. पण मंदीत विक्री थांबते, भांडवल मात्र खायला मागतच राहतं. पुढे खर्चाला कात्री लागली, सुधारलेली इंडिका चालली आणि २००२ ते २००३ मध्ये कंपनी सुमारे तीनशे कोटी नफ्यात आली. मोठ्या कंपनीला दोन वर्षं कळ काढता येते. आमच्या गल्लीत त्या काळात शेडला कुलपं लागली. मी वाचलो, कारण हप्ता तीन लाखांचा होता, साडेदहाचा नव्हे.

मात्र फार शहाणपण मिरवायला नको. माझ्याही अंदाजपत्रकात एक ओळ राहिली होती. नव्या कामाचा ऑर्डरवरचा वायदा पंचेचाळीस दिवसांचा होता. पैसे यायचे नव्वद दिवसांनी. कामाचा रोख खर्च महिन्याला लाखभर. पगार, इनसर्ट, विजेचं बिल यांतलं कोणीच नव्वद दिवस थांबत नाही. तीन लाख कायम बाहेर अडकलेले, कॅश क्रेडिटवर सतरा टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला एक्कावन्न हजार. आणि मशीन देत होतं एकोणचाळीस हजार! मशीन रात्रंदिवस चालत होतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि मी दर वर्षी बारा हजारांनी खाली जात होतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी सौ.च्या पाटल्या बँकेत गेल्या. त्या सुटायला सव्वादोन वर्षं लागली. त्या काळात तिनं वीस टक्क्यांचा विषय काढला नाही. पण तिच्या वहीत ती रक्कम दर महिन्याला लिहिली जात होती, हे मला पुढे कळलं.

कायदा तेव्हाही होता. लघुउद्योगांची बिलं थकवणाऱ्यानं व्याज द्यावं, असं १९९३ पासून लिहिलेलं आहे. २००६ च्या कायद्यानं मर्यादा पंचेचाळीस दिवसांची केली आणि त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज लावलं. पण ज्याच्या ऑर्डरवर सात घरं चालतात त्याला नोटीस कोण पाठवणार? १ एप्रिल २०२४ पासून आयकरातून वेगळा चाप लावला: छोट्या पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळणार नाही. माझ्या मते तीस वर्षांतली ही सगळ्यात धारदार तरतूद, कारण ती भांडायला लावत नाही. तरी मोठे खरेदीदार छोट्यांना टाळून मध्यम कारखान्यांकडे वळतील, अशी भीती गल्लीत ऐकू येतेच.

आता शेड मुलगा सांभाळतो. चाकण पट्ट्यातल्या गाड्यांची कामं येतात. १९९९ मध्ये बजाजनं, २००९ मध्ये फोक्सवागननं तिथं कारखाने उघडले आणि कांद्या-बटाट्याच्या बाजाराच्या गावाचं रूप पालटलं. शेजारच्या तळेगावात जनरल मोटर्सनं २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवलं, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईनं तो कारखाना घेण्याचा करार केला. वापरलेल्या कारखान्याचं गणित पंचवीस वर्षांनंतरही जुळतंय म्हणायचं.

मुलाला आता व्हीएमसी घ्यायचंय. त्याचा हिशेब संगणकावर. एक ओळ बँकेची, एक नुसती 'आई' म्हणून, आणि एक येणी किती दिवसांची याची. तिथं त्यानं साठ टाकले होते. सौ.नं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "गेल्या वर्षीची बिलं काढ आणि खरे दिवस मोज." त्यानं मोजले. सरासरी अठ्ठ्याऐंशी आली. तो आकडा टाकल्यावर शेवटची रक्कम लाल झाली. कोटेशन अजून टेबलावर आहे, मुदत या गुरुवारपर्यंतची. मुलगा गिऱ्हाइकाकडे दिवस कमी करून मागायला गेलाय.