आधी रुग्ण, मग पुस्तक

इथे बडोद्यात मी बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले. "काही शंका?" असे विचारले की साठ माना खाली जात. ती शांतता मी शिस्त समजत होतो.

कॅनडातील हॅमिल्टन येथे मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीची पहिली तुकडी घेतली, तेव्हा शिकवण्याचा क्रमच उलटा केला. आधी शास्त्रे पाठ करायची आणि मग रुग्ण पाहायचा, ही जुनी रीत. तिथे आधी रुग्णाची हकीकत पुढे आली.

समजा, कागदावर एवढेच आहे : पंचावन्न वर्षांच्या बाई, जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात, दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही. सहा-सात विद्यार्थी टेबलाभोवती बसतात. एक म्हणतो मूत्रपिंड, दुसरी म्हणते हृदय. मग उशांचे काय? आडवे झाल्यावर पायांतले रक्त छातीकडे परतते, थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही आणि फुफ्फुसांत तुंबते. हे त्यांना अजून ठाऊक नसते. पण आपल्याला नेमके काय ठाऊक नाही, ते आता कळलेले असते. ते फळ्यावर लिहायचे, वाटून घ्यायचे, ग्रंथालय गाठायचे आणि दोन-तीन दिवसांनी येऊन एकमेकांना समजावायचे. शिक्षक तिथेच असतो, पण उत्तर सांगत नाही. आम्हा बोलघेवड्या मास्तरांना हे फार जड जाते.

मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. नेदरलँड्समधील मास्ट्रिक्टने ती स्वीकारून चर्चेच्या सात पायऱ्या ठरवल्या.

ही जादू मात्र नव्हे. माहिती तपासणाऱ्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना कधीकधी कमीच गुण पडतात; शिकलेले वापरण्यात ते सरस ठरतात, असे बरेच अभ्यास सांगतात. नवख्याला मार्गदर्शनाविना सोडले तर तो भरकटतो, ही किर्शनर, स्वेलर व क्लार्क यांची २००६ मधील टीकाही मला पटते. शिवाय दर सात मुलांमागे एक शिक्षक आणायचा कोठून?

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी वरचाच कागद वर्गात वाटला. थोड्याच वेळात चर्चा इंग्रजी सोडून मराठी-गुजरातीत शिरली. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी म्हणाली, "सर, माझी आजी तक्क्याला टेकूनच झोपते. पायही सुजतात तिचे. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं."

तास संपायची वाट न पाहता ती घरी फोन करायला बाहेर गेली. मी अडवले नाही.