पडद्यामागचा मालक आणि दिवसाचे हजार रुपये

सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कंपन्यांच्या जगातही तेच चालते. कंपनीच्या भागधारकांच्या यादीत दुसऱ्या कंपनीचे नाव असते, त्या कंपनीमागे तिसरी असते आणि तिच्याही मागे एखादा ट्रस्ट. या साखळीच्या टोकाला बसलेला हाडामांसाचा माणूस कोण, हे कंपनी कायदा 2013 चे कलम 90 विचारते. त्याखालचे नियम जून 2018 मध्ये आले आणि फेब्रुवारी 2019 मध्ये बऱ्याच अंशी नव्याने लिहिले गेले.

समजा, इचलकरंजीत कापडाची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिचे 40 टक्के शेअर मुंबईच्या एका कंपनीकडे आहेत आणि त्या मुंबईच्या कंपनीत एका गृहस्थांचा वाटा 60 टक्के आहे. इचलकरंजीच्या नोंदवहीत या गृहस्थांचे नाव कुठेच नाही, तरी कायद्याच्या लेखी ते तिचे ‘लक्षणीय लाभार्थी मालक’ ठरतात. अप्रत्यक्ष वाटा 10 टक्के किंवा अधिक झाला की पुरे. मधल्या कंपनीत मात्र निम्म्याहून जास्त हिस्सा असावा लागतो. शेअर हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर असतील, तर कर्त्याकडे बोट जाते. शेअर किती आहेत ते सोडून, कंपनीवर खरा ताबा कुणाचा चालतो, हाही निकष आहेच. सगळी भांडणे तिथेच होतात.

असा माणूस 30 दिवसांत ‘बेन-1’ या नमुन्यात कंपनीला कळवतो आणि कंपनी पुढच्या 30 दिवसांत ‘बेन-2’ भरून कंपनी निबंधकांना कळवते. पण मालकच गप्प बसला तर? 2019 पासून त्याला शोधून काढणे हे कंपनीचेही काम झाले आहे. 10 टक्के किंवा जास्त वाटा असलेला भागधारक व्यक्ती नसून कंपनी, ट्रस्ट किंवा भागीदारी संस्था असेल, तर त्याला ‘बेन-4’ची नोटीस धाडावीच लागते.

कायद्याच्या मराठीत ‘शास्ती’ आणि ‘दंड’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि इथे तो फरक कामाचा आहे. दंड न्यायालय करते, शास्ती निबंधक स्वतःच्या कचेरीतून लावतात. 2019 मध्ये घोषणा न करणाऱ्याला वर्षभरापर्यंतच्या कैदेची तरतूद होती. 2020 च्या दुरुस्तीने ती काढून शास्ती आणली. आता गप्प राहणाऱ्या मालकाला 50 हजार रुपये आणि पुढे दिवसाला हजार, कमाल 2 लाख. कंपनीला 1 लाख आणि दिवसाला 500, कमाल 5 लाख. कसूर करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला 25 हजार आणि दिवसाला 200, कमाल 1 लाख. हिशेब मांडला तर मालकाचे मीटर 150 दिवसांत थांबते. एकशे एक्कावन्नाव्या दिवसापासून गप्प राहणे फुकट! छोट्या कंपन्यांच्या बाबतीत तर शास्ती याच्या निम्म्याहून जास्त लावता येत नाही.

ताबा आणि शास्ती या दोन्हींसाठी दिल्लीच्या निबंधकांचा मे 2024 मधला आदेश वाचण्याजोगा आहे. लिंक्डइनच्या भारतीय कंपनीसह तिच्यामागच्या मायक्रोसॉफ्टचे मुख्याधिकारी सत्या नडेला, लिंक्डइनचे रायन रोझलान्स्की आणि इतर काहींवर मिळून सुमारे 27 लाखांची शास्ती लागली. मायक्रोसॉफ्टमध्ये नडेलांचा वाटा 10 टक्क्यांच्या आसपासही नाही. पण रोझलान्स्की नडेलांना उत्तरदायी होते, म्हणजे ताब्याचा धागा तिथवर जातो, असे निबंधकांनी धरले. पगारी मुख्याधिकाऱ्याला ‘मालक’ ठरवणे मला ओढूनताणून वाटते; कायदा ज्या बेनामी माणसाच्या शोधात निघाला, तो हा नव्हे. दोघांना लागलेली रक्कम प्रत्येकी 2 लाख, म्हणजे कमाल मर्यादा. अशा आदेशाविरुद्ध प्रादेशिक संचालकांकडे 60 दिवसांत अपील करता येते. तेही केले नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर मात्र प्रकरण न्यायालयात जाते आणि व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

खोटे सांगणाऱ्याची गत गप्प बसणाऱ्यापेक्षा फार वाईट. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली किंवा घोषणेत महत्त्वाची गोष्ट दडवली, की कलम 447 लागते, म्हणजे थेट फसवणूक. मोठ्या रकमेच्या प्रकरणात सहा महिने ते दहा वर्षे कैद आणि फसवणुकीच्या रकमेइतका ते तिच्या तिपटीपर्यंत दंड. हा खटला कुणीही उठून भरू शकत नाही. केंद्र सरकारने अधिकार दिलेला अधिकारी किंवा गंभीर फसवणूक तपास कार्यालयाचे संचालक यांनी तक्रार केली, तरच विशेष न्यायालय दखल घेते.

तरीही पडद्यामागच्या माणसाला सगळ्यात जास्त बोचणारी तरतूद तुरुंगाची नाही, शास्तीचीही नाही. ‘बेन-4’ला उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर कंपनीने मुदत संपल्यापासून 15 दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जायचे असते. महाराष्ट्रातल्या कंपन्यांसाठी ते मुंबईचे पीठ. न्यायाधिकरण ते शेअर गोठवू शकते: विकता येत नाहीत, लाभांश थांबतो, मत देता येत नाही. लाखाची शास्ती ज्याला चिल्लर, त्यालाही हे चिल्लर नाही. निर्बंध उठवायचे तर वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि अर्जावर नाव लिहावे लागते. वर्ष उलटले आणि कुणीच पुढे आले नाही, तर ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीच्या प्राधिकरणाकडे वर्ग होतात.