ल बदलला, बाई तीच!

‘बँकेने मला माणसे ओळखायला शिकवले,’ असे मी निवृत्तीच्या निरोप समारंभात म्हणालो खरा. पण घरी येताना एक आजी आठवली आणि ते वाक्य परत घ्यावेसे वाटले.

गोष्ट १९९३च्या जुलैतली. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा शाखेत मी अधिकारी होतो. बाहेर धो धो पाऊस. छत्तीसगडच्या सीमेकडच्या गावाहून ती आजी सकाळच्या एसटीने आली होती. धानाची रोवणी तोंडावर आलेली, मजुरांना द्यायला पैसे हवे होते. तिने स्लिपवर सावकाश, एकेक अक्षर जपून सही केली. मी नमुना सहीचे कार्ड काढले. तिच्या नावात दोन ‘ल’. कार्डावरचे दोन्ही हिंदी पुस्तकातल्यासारखे, उजवीकडे उभा दंड असलेले. स्लिपवरचे दोन्ही मराठी वळणाचे, देठाच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या असलेले.

‘सही जुळत नाही,’ मी म्हणालो.

‘नातीनं शिकवलं जी. असा काढ म्हणे.’

पहिली सही तिला भावाने गिरवून दिली होती. तो सीमेपलीकडच्या हिंदी शाळेत शिकलेला. नात मराठी शाळेतली. मी नियमावर बोट ठेवले आणि ओळख पटवणारा कोणी आणायला सांगितले. आमचा शिपाई हळूच म्हणाला, ‘साहेब, बाई तेच आहे जी, ल तेवढा बदलला.’ मी ऐकले नाही. मग नाल्याला पूर आला. आजी आठ दिवसांनी गावच्या सरपंचांना घेऊन आली, तोवर तिची रोवणी मागे पडली होती. ती रागावली नाही, याचाच मला जास्त त्रास झाला.

त्यानंतर अक्षरांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. देवनागरी एकच, पण छपाईच्या काळात तिची मुंबईच्या खिळ्यांचे आणि कलकत्त्याच्या खिळ्यांचे अशी दोन वळणे रूढ झाली. अ, झ, ण ही अक्षरे उत्तरेत आपल्यापेक्षा निराळी काढत. पुढे केंद्र सरकारने १९६६मध्ये मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात मुंबई वळणाचे अ, झ, ण स्वीकारले गेले. म्हणजे आपली तीन अक्षरे हिंदीने घेतली. उलट हिंदीतला दंडाचा ल आणि शेंडीफोड्या श आपल्या पाट्यांवर आणि छपाईत शिरला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपे ठरवली.

आमच्या चंद्रपूरला ही सरमिसळ नवी नाही. जुना चांदा जिल्हा १९५६पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याचा कारभार हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांतून चाले. दक्षिणेला सिरोंचाकडे तेलुगू. इथल्या माणसाचा कान जसा तीन भाषांना सरावतो, तसा हातही दोन वळणांना सरावतो.

आणि गंमत अशी, की रूपे बदलणे हा अक्षरांचा स्वभावच आहे. आपला ‘र’ घ्या. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरपा होतो, ‘राष्ट्र’मध्ये घराच्या छपरासारखा खाली उभा राहतो. शेंडीफोड्या श काढणारा माणूसही ‘श्री’ लिहिताना श वेगळाच काढतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

चिनी आणि जपानी लिपीत तर हा संसार अफाट आहे. तिथली पुष्कळ अक्षरे लहान घटक जोडून बनतात. ‘पाणी’ हे अक्षर एकटे असले की एका रूपात असते. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला गेले की त्याचे तीन फटकारे उरतात. देश बदलला की घटकही किंचित बदलतो. ‘हाड’ या अर्थाच्या अक्षरात वरच्या चौकटीतला लहानसा कोपरा चीनच्या छपाईत डावीकडे, तर जपानच्या छपाईत उजवीकडे असतो. संगणकासाठी युनिकोड आले तेव्हा अशा जोड्यांना एकच क्रमांक दिला गेला. रूप कोणते दिसणार ते अक्षरसंच ठरवतो. यावर जपानमध्ये बरीच नाराजी उमटली, कारण तिथे आडनावातला एखादा फटकारासुद्धा घराण्याची खूण असते. वातानाबे या आडनावातला ‘बे’ तर कितीतरी प्रकारे लिहितात.

आपल्या दोन्ही ‘ल’नासुद्धा युनिकोडमध्ये एकच क्रमांक आहे. म्हणून मोबाइलवर मराठी लिहिताना कधी पाकळीचा ल दिसतो, कधी दंडाचा. माझ्या शिपायाने १९९३मध्ये जे सांगितले, तेच ही यंत्रणा सांगते: ल बदलला, अक्षर तेच.

मात्र प्रत्येक फरक असा सोडून देता येत नाही. ‘आचार्यांना जेवायला वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला वाढा’ यांत एका रफाराने पंगतीतला माणूस बदलतो. कोणता फरक अर्थ बदलतो आणि कोणता फक्त हाताचे वळण दाखवतो, हे कळणे म्हणजे वाचता येणे. त्या दिवशी मी कार्ड आणि स्लिप नुसती ताडून पाहिली. तिचे नाव वाचलेच नाही. बँकेने सही पाहू नये असे मी म्हणणार नाही. ठेव लोकांची असते. पण समोर माणूस उभा असताना चार प्रश्न विचारून खात्री करणे माझ्या हातात होते.

आजी सरपंचांसह आली त्या दिवशी मी नव्या कार्डावर तिची सही घेतली. तिने पाकळ्यांचे दोन ल काढले, क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘पहिलीवाली पण राहू द्या जी. भावानं शिकवलेली आहे.’

मी तिला दोन्ही सह्या करायला सांगितल्या आणि दोन्हींखाली माझी सही केली.